शरीरातील धातूवरचा लेप : वैद्यकीय रोपणे टिकाऊ आणि निर्धोक करण्याचे प्रयत्न

अपघातात मोडलेले हाड सांधणारी पट्टी असो, झिजलेल्या गुडघ्याच्या जागी बसवलेला कृत्रिम सांधा असो किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंट असो, शरीरात बसवलेल्या धातूचे यशापयश बऱ्याच अंशी त्याच्या पृष्ठभागावर ठरते. हाड, रक्त आणि पेशी यांचा संबंध धातूच्या गाभ्याशी येत नाही, तो येतो काही मायक्रॉन जाडीच्या वरच्या थराशी. म्हणूनच गेली चार दशके जगभरातील पदार्थवैज्ञानिक आणि अस्थिशल्यचिकित्सक या थराच्या सुधारणेत गुंतले आहेत. या प्रयत्नांना मिळालेले यश, त्यातील अपयश आणि भारतातील रुग्णांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व यांचा हा आढावा.

या प्रश्नाची व्याप्ती समजण्यासाठी झाशीचे उदाहरण पुरेसे आहे. मराठी माणसाला हे शहर राणी लक्ष्मीबाईंमुळे परिचित आहे. आज मात्र देशाच्या रस्तेवाहतुकीच्या नकाशावर त्याचे स्थान वेगळ्या कारणाने महत्त्वाचे ठरते. श्रीनगर ते कन्याकुमारी हा उत्तर-दक्षिण महामार्ग आणि पोरबंदर ते सिलचर हा पूर्व-पश्चिम महामार्ग एकमेकांना झाशीतच छेदतात. शहरातील इलाइट चौराहा हा वर्दळीचा चौक ओलांडणाऱ्या वाहनांच्या गर्दीत महामार्गावरच्या अपघातातील जखमींना घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकाही असतात. १९६८मध्ये स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय हे बुंदेलखंडातील गोरगरीब रुग्णांचे मोठे आधारस्थान आहे. मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या पायात धातूची सळी किंवा पट्टी बसते, ती अनेकदा तरुण वयात बसते आणि पुढे अनेक वर्षे शरीरातच राहते. अशा रुग्णासाठी धातूवरच्या थराचा प्रश्न हा पुन्हा पायावर उभे राहण्याचा आणि पुन्हा कामाला लागण्याचा प्रश्न असतो.

लेपाची गरज का भासते?

रोपणांसाठी प्रामुख्याने तीन प्रकारचे धातू वापरले जातात. पहिला प्रकार ३१६ एल या नावाने ओळखले जाणारे पोलाद. त्यात लोखंडाबरोबर क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम असते. ते स्वस्त असून घडवण्यास सोपे असल्याने हाडे सांधण्याच्या पट्ट्या आणि सळ्यांसाठी त्याचा मोठा वापर होतो. दुसरा प्रकार कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू. तो अतिशय कठीण असल्याने सांध्याच्या घासल्या जाणाऱ्या भागांसाठी उपयोगी पडतो. तिसरा प्रकार टायटेनियम आणि त्याचे मिश्रधातू. ते वजनाने हलके असून हाडाशी चांगले जुळवून घेतात, मात्र घर्षणाला फारसे टिकत नाहीत.

मानवी शरीर हे धातूसाठी प्रतिकूल ठिकाण आहे. शरीरातील द्रव खारट आणि उबदार असतात, त्यांत प्रथिने असतात आणि चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. या धातूंवर निसर्गतः ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा तयार होतो. टायटेनियमवर त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते. हा पापुद्रा आहे तोवर आतला धातू गंजत नाही. घर्षणाने तो खरवडला गेला तर पुन्हा तयार होतो, परंतु दर खेपेस थोडा धातू आसपासच्या ऊतींमध्ये आणि रक्तात मिसळतो. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो, तर कोबाल्ट अधिक प्रमाणात साचल्यास ऊतींची हानी होते.

दुसरी अडचण हाडाशी होणाऱ्या जोडणीची. स्वीडनमधील प्राध्यापक पेर-इंगवार ब्रानेमार्क यांना १९५२मध्ये सशांवरील प्रयोगांत असे आढळले की टायटेनियमचे उपकरण हाडात इतके घट्ट रुतते की ते बाहेर काढणे अवघड होते. १९६५मध्ये त्यांनी या तत्त्वावर पहिल्या रुग्णाच्या जबड्यात दातांसाठी रोपण केले. त्याच सुमारास ब्रिटनमधील सर जॉन चार्न्ली यांनी कृत्रिम खुबा हाडात बसवण्यासाठी प्लास्टिकच्या सिमेंटचा वापर रूढ केला होता. सिमेंट वर्षानुवर्षे टिकते, पण तरुण आणि धडधाकट रुग्णांमध्ये ते कालांतराने सैल होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे सिमेंटशिवाय हाडाला थेट चिकटणाऱ्या पृष्ठभागाचा शोध सुरू झाला.

हाडाच्या खनिजाचा थर

हाडाचा कठीण भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांपासून बनलेल्या खनिजाचा असतो. त्याच्याशी मिळतेजुळते हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे संयुग प्रयोगशाळेत तयार करता येते. त्याचा थर धातूवर दिला तर हाडाच्या पेशी त्याला परका मानत नाहीत आणि त्यावर नवे हाड धरू लागते, हा या लेपामागचा विचार. लंडनमधील शल्यचिकित्सक रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५मध्ये असा लेप दिलेल्या दांड्याचा कृत्रिम खुबा रुग्णाला बसवला. पाठोपाठ नेदरलँड्समध्येही असे प्रयोग झाले आणि पुढील दशकभरात ही पद्धत जगभर पसरली.

हा लेप देण्याची सर्वाधिक प्रचलित पद्धत म्हणजे प्लाझ्मा फवारणी. विद्युतभाराच्या साहाय्याने वायूचे तापमान दहा हजार अंश सेल्सियसच्या वर नेले जाते आणि त्या झोतात हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची भुकटी सोडली जाते. अर्धवट वितळलेले कण वेगाने धातूवर आदळून चपटे होतात आणि थरावर थर बसत जातो. तयार लेपाची जाडी साधारणपणे ५० ते १५० मायक्रॉन असते.

लेप सुटतो कशामुळे?

ही पद्धत यशस्वी ठरली असली तरी तिच्यात उणिवा आहेत. पहिली उणीव उष्णतेची. गरम झाल्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट टायटेनियमपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि थंड होताना अधिक आकुंचन पावते. त्यामुळे थंड झालेल्या लेपात ताण शिल्लक राहतो आणि त्याला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. दुसरी उणीव स्फटिकरचनेची. झोतातील प्रचंड तापमानामुळे खनिजाचा काही भाग विघटित होतो आणि थंड होताना स्फटिकरूप न घेता काचेसारखा बनतो. हा भाग शरीरातील द्रवात लवकर विरघळतो. हाड धरण्यास थोडे विरघळणे उपयोगी असते, परंतु हाड पुरते धरण्याआधीच लेप विरघळला तर रोपण सैल पडते. तिसरी उणीव ठिसूळपणाची. सुटलेला कण सांध्याच्या फटीत शिरला तर तो सहाणेवरच्या वाळूसारखे काम करतो आणि प्लास्टिकचा भाग झिजवतो.

या कारणांमुळे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने अशा लेपांसाठी निकष ठरवून दिले आहेत. त्यांनुसार लेपाची धातूवरील पकड सरासरी किमान १५ मेगापास्कल असावी लागते. म्हणजेच लेपाचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा ओढून काढण्यासाठी सुमारे दीडशे किलो वजनाइतका जोर लागला पाहिजे. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण, स्फटिकांचे प्रमाण आणि जड धातूंची मर्यादा यांचीही तपासणी केली जाते.

सुधारणांचे प्रयत्न अनेक दिशांनी सुरू आहेत. काही ठिकाणी धातू आणि खनिज यांच्या दरम्यान टायटेनियम ऑक्साइडचा मधला थर देऊन ताण कमी केला जातो. काही ठिकाणी फवारणीनंतर लेपाला नियंत्रित उष्णता देऊन त्यातील स्फटिकांचे प्रमाण वाढवले जाते. क्योटो येथील प्राध्यापक तादाशी कोकुबो यांनी रक्तद्रवासारखे क्षार असलेले द्रावण तयार केले. योग्य प्रक्रिया केलेला धातू त्यात बुडवून ठेवल्यास शरीराइतक्याच तापमानाला त्यावर हाडासारख्या खनिजाचा पातळ थर चढतो. या पद्धतीत तीव्र उष्णतेचा प्रश्न उद्भवत नाही. नवा लेप प्राण्यांवर वापरून पाहण्यापूर्वी हे द्रावण प्राथमिक चाचणीसाठीही वापरले जाते.

ठिसूळपणावरील एका उपायात भारतीय संशोधकाचा वाटा आहे. झाशीपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर अंतरावरील आयआयटी कानपूर येथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले कांतेश बालानी यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात सहकाऱ्यांसमवेत केलेले संशोधन २००७मध्ये प्रसिद्ध झाले. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या भुकटीत वजनाने चार टक्के कार्बनच्या नॅनोनलिका मिसळून प्लाझ्मा फवारणी केल्यास तड्यांना होणारा प्रतिकार ५६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. मातीच्या भिंतीत भुसा मिसळावा तशा या नलिका तडा पुढे सरकू देत नाहीत. मानवी हाडाच्या पेशी या लेपावर वाढत असल्याचेही प्रयोगशाळेत दिसून आले. मात्र प्रयोगशाळेतील यश आणि रुग्णाच्या शरीरातील यश यांत दीर्घ अंतर असते, याचे भान संशोधकांना ठेवावे लागते.

घर्षणाला तोंड देणारे लेप

सांध्याच्या सरकत्या भागांवर वेगळ्या प्रकारचे लेप लागतात. तेथे हाड धरणे अपेक्षित नसते, झीज रोखणे अपेक्षित असते. निर्वात पोकळीत टायटेनियमची वाफ आणि नायट्रोजन यांच्या संयोगातून टायटेनियम नायट्राइडचा काही मायक्रॉन जाडीचा सोनेरी थर देता येतो. तो अतिशय कठीण असतो. धातूच्या अ‍ॅलर्जीची शंका असलेल्या रुग्णांसाठी असा थर दिलेले गुडघे वापरले जातात.

दुसरा मार्ग झिर्कोनियमचा. झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळलेला मिश्रधातू हवेत सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्याच्या पृष्ठभागाचे सुमारे पाच मायक्रॉन जाडीच्या काळ्या सिरॅमिकमध्ये रूपांतर होते. हा थर बाहेरून चढवलेला नसून मूळ धातूतूनच तयार झालेला असल्याने सहसा सुटत नाही. विशेष म्हणजे हाच मिश्रधातू अणुभट्ट्यांतील दाबनलिकांसाठी वापरला जातो. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथील तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत त्याच्याच नलिका आहेत.

सर्वच कठीण लेप यशस्वी झाले असे नाही. हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा लेप प्रयोगशाळेतील झीज-चाचण्यांत उत्तम ठरला होता. मात्र युरोपात १९९०च्या दशकात असा लेप दिलेले खुब्याचे गोळे रुग्णांना बसवल्यानंतर काही वर्षांत अनेकांचा लेप जागोजागी सुटला आणि मोठ्या प्रमाणावर फेरशस्त्रक्रिया कराव्या लागल्या. शरीरातील द्रव सूक्ष्म छिद्रांतून लेपाखाली शिरतात आणि पकड हळूहळू सैल करतात, हे त्यातून लक्षात आले. काही तासांच्या किंवा दिवसांच्या चाचणीत हा दोष दिसत नाही.

पृष्ठभागाच्या स्वच्छतेचे महत्त्वही अशाच एका घटनेने अधोरेखित केले. सल्झर या कंपनीने डिसेंबर २०००मध्ये खुब्याच्या हजारो धातूच्या वाट्या बाजारातून परत मागवल्या. निर्मितीच्या वेळी वापरलेल्या वंगणाचा अंश पृष्ठभागावर राहिल्याने हाड त्यांना धरत नव्हते. वाटीच्या रचनेत दोष नव्हता. डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलकट थराने शेकडो रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले.

जंतूंशी शर्यत

रोपणानंतरची सर्वांत भीतिदायक गुंतागुंत म्हणजे जंतुसंसर्ग. अमेरिकी संशोधक अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७मध्ये या प्रक्रियेचे वर्णन पृष्ठभाग काबीज करण्याची शर्यत असे केले होते. धातूवर शरीराच्या पेशी आधी पोहोचल्या तर रोपण सुरक्षित राहते. जंतू आधी पोहोचले तर ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्या थरात प्रतिजैविके पुरेशी शिरत नाहीत. मग अनेकदा रोपण काढून टाकण्यावाचून पर्याय उरत नाही. रस्त्यावरच्या अपघातात हाड कातडीबाहेर आले असेल आणि जखमेत माती गेली असेल तर हा धोका कितीतरी वाढतो.

त्यावर उपाय म्हणून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा विरघळणारा लेप दिलेल्या नडगीच्या सळ्या युरोपात वापरात आल्या. हाडाच्या कर्करोगात मोठा भाग काढून त्या जागी बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम हाडांवर चांदीचा लेप देण्याची पद्धत जर्मनीत विकसित झाली. जपानमध्ये टायटेनियमवर आयोडीनयुक्त थर देण्याचे प्रयोग झाले. चांदीचे प्रमाण कमी पडल्यास जंतू मरत नाहीत आणि अधिक झाल्यास हाडाच्या पेशींना इजा होते. प्रतिजैविकाचा लेप लवकर संपतो आणि त्याला दाद न देणारे जंतूही असतात. या मर्यादांमुळे असे लेप सरसकट वापरले जात नाहीत. ज्यांना संसर्गाचा धोका अधिक आहे अशा रुग्णांसाठी ते राखून ठेवले जातात.

औषधाचा लेप आणि मुंबईतील वाद

लेपाच्या तंत्राने हृदयोपचारातही मोठा बदल घडवला. साध्या धातूचा स्टेंट बसवल्यावर काही रुग्णांत रक्तवाहिनी पुन्हा आकुंचन पावत असे. २००२मध्ये युरोपात आणि २००३मध्ये अमेरिकेत सिरोलिमस या औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला मान्यता मिळाली आणि हे प्रमाण बरेच घटले. काही वर्षांनी मात्र औषध धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाच्या थरामुळे उशिरा रक्ताची गुठळी होण्याचा धोका समोर आला. त्यानंतर हा थर पातळ करणे, विरघळणारा थर वापरणे किंवा तो पूर्णपणे वगळणे असे बदल झाले.

भारतातील वैद्यकीय उपकरणांच्या नियमनाला याच स्टेंटने चालना दिली. २००४च्या सुमारास औषधलेपित स्टेंटच्या वापरावरून मुंबईत वाद निर्माण झाला. तोपर्यंत अशा उपकरणांवर देशात पुरेसे नियंत्रण नव्हते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २००५मध्ये औषधलेपित स्टेंट, हृदयाच्या झडपा, अस्थिरोपणे आदी उपकरणांना औषधांच्या कायद्याखाली आणले.

सदोष खुब्यांचे प्रकरण

धातूचा पृष्ठभाग चुकला तर काय होते, याचा सर्वांत कटू अनुभव भारतीय रुग्णांना एएसआर या कृत्रिम खुब्याने दिला. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीच्या या खुब्यात गोळा आणि वाटी असे दोन्ही भाग कोबाल्ट-क्रोमियमचे होते आणि ते एकमेकांवर थेट घासले जात. त्यातून सुटणारे सूक्ष्म कण आणि कोबाल्टचे आयन यांमुळे अनेक रुग्णांच्या ऊतींची हानी झाली. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २००९मध्ये हा खुबा बाजारातून काढून घेण्यात आला आणि ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोपर्यंत जगात सुमारे ९३ हजार, तर भारतात सुमारे ४,७०० खुबे बसवण्यात आले होते.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पुढाकार घेऊन २०११मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार दाखल केली. केंद्राने २०१७मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने फेब्रुवारी २०१८मध्ये अहवाल दिला आणि नोव्हेंबर २०१८मध्ये बाधितांसाठी सुमारे ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे सूत्र जाहीर झाले. मात्र भरपाई मिळण्यापूर्वी रुग्ण सापडणे आवश्यक होते. भारतातील ४,७०० शस्त्रक्रियांपैकी सुमारे एक हजार रुग्णांचीच मदतकेंद्राकडे नोंद झाली होती. उरलेल्या बहुसंख्य रुग्णांचा माग लागला नाही. आपल्या शरीरात कोणते रोपण आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते.

देशातील संशोधन आणि उत्पादन

भारतात रोपणांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांची परंपरा मोठी आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने देशी हृदयझडप तयार केली आणि ती डिसेंबर १९९०मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. जैवसिरॅमिक हा या संस्थेच्या संशोधनाचा महत्त्वाचा विषय आहे. हैदराबाद येथील एआरसीआय या संस्थेत पृष्ठभागावरील लेपांच्या विविध तंत्रांवर काम चालते. आयआयटी मुंबईत २०१४मध्ये सुरू झालेल्या बेटिक या केंद्राने डॉक्टर आणि अभियंते यांना एकत्र आणले असून नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी यांचाही त्यात सहभाग राहिला आहे.

पुण्याचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या शरीरठेवणीला आणि मांडी घालून बसण्याच्या सवयीला अनुरूप असा 'इंडस' हा देशी गुडघा विकसित केला. रत्नागिरी जिल्ह्यात देवरूखजवळच्या साडवली येथेही अस्थिरोपणांची निर्मिती होते. कोकणातील एका लहान गावात असे उत्पादन होऊ शकते, ही बाब लक्षणीय आहे.

किंमत आणि नियंत्रण

उत्तम लेप महाग असतो आणि सामान्य रुग्णाची अडचण येथेच सुरू होते. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७मध्ये गुडघ्याच्या रोपणांवर कमाल किंमत लागू केली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या संपूर्ण गुडघ्यासाठी ५४,७२० रुपये, तर टायटेनियम आणि ऑक्सिडीकृत झिर्कोनियमच्या गुडघ्यासाठी ७६,६०० रुपये अशी मर्यादा ठरवण्यात आली. या दोन आकड्यांतील तफावत ही मुख्यतः धातू आणि त्याच्या पृष्ठभागाची किंमत होय.

१ जानेवारी २०१८पासून वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र नियमावली लागू झाली असून उपकरणांची जोखमीनुसार चार वर्गांत विभागणी करण्यात आली आहे. रोपणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेण्यासाठी जुलै २०१५पासून राष्ट्रीय पातळीवर मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम राबवला जात आहे. स्वीडनमध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९७९पासून ठेवली जाते. अशा नोंदवहीमुळे एखादा लेप अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होत असेल तर ते काही वर्षांतच ध्यानात येते. एएसआर खुब्याचा दोषही ऑस्ट्रेलियातील अशाच नोंदींमुळे लवकर उघड झाला.

रुग्णांनी काय जपून ठेवावे?

रोपणाच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव, प्रतिमान, आकार आणि उत्पादनाचा गट क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. शस्त्रक्रियेनंतर ती रुग्णाच्या कागदपत्रांवर लावून घ्यावी आणि तिची प्रत घरी ठेवावी. रोपण कोणत्या धातूचे आहे, त्यावर लेप आहे काय, असल्यास कशाचा, हे प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. दागिन्यांमुळे किंवा घड्याळाच्या पट्ट्यामुळे कातडीला खाज येत असेल तर तेही सांगावे. बरे झाल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या जागी नव्याने वेदना, सूज किंवा पू दिसल्यास दुर्लक्ष करू नये.

प्रयोगशाळेतील नवा लेप रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास बरीच वर्षे लागतात आणि लागावीत, असेच आजवरचा अनुभव सांगतो. दरम्यान, झाशीच्या महामार्गावर जखमी झालेल्या एखाद्या ट्रकचालकाच्या पायात बसवलेली सळी कोणत्या गटातील होती, हे दहा वर्षांनंतरही सांगता यावे, यासाठी मात्र कोणत्याही नव्या शोधाची प्रतीक्षा करण्याची आवश्यकता नाही. त्यासाठी ती लहानशी चिकटपट्टी त्याच्या कागदांत असली पाहिजे.